आधी चालकाची जागा, मग रॉड: छोट्या कौटुंबिक मोटरबोटीची मांडणी

मासेमारीचे रॉड अडकवायच्या होल्डरचा संच आला की पहिल्याच रविवारी ड्रिल हातात घ्यायचं आणि बोटीच्या काठाला चार भोकं पाडायची, असंच बहुतेक घरी होतं. मग बोट पाण्यात गेल्यावर कळतं की थ्रॉटल (वेगाचा दांडा) पुढे ढकलताना कोपर रीलच्या मुठीवर आपटतं, वळताना उजवीकडचं दिसत नाही आणि मागे बसलेल्या मुलाच्या डोळ्यांसमोर हुक लोंबतोय. फायबरमधलं भोक बुजवता येतं, पण ते काम महाग पडतं आणि ठिगळ कायम दिसतं. म्हणून क्रम असा: नजर, सीट, स्टिअरिंग व थ्रॉटल आणि सगळ्यात शेवटी रॉड.

इथे गृहीत धरलेली बोट अशी: 15 ते 17 फुटी फायबरची, उजव्या बाजूला कन्सोल (स्टिअरिंग बसवलेला खोका), मागे बाहेरून लावलेलं 40 ते 60 अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन, चार माणसांचं कुटुंब. बोट इंदुरात घरी ट्रेलरवर उभी असते आणि बडवाह, सनावद, मूंदीमार्गे हनुवंतियाला नेऊन नर्मदेवरच्या इंदिरा सागर जलाशयात उतरवली जाते. बोटीची नोंदणी, जलाशयावर बोट उतरवायची परवानगी आणि गळाची परवानगी ही कामं यात धरलेली नाहीत. ती आधीच झालेली असावीत.

1. तयारी आणि सामान

बोटीचं खास सामान, म्हणजे सीटचा खांब, काठात बसणारे होल्डर, किल स्विचची दोरी (चालक जागेवरून फेकला गेला की ओढली जाऊन इंजिन बंद करणारी), बाहेरून मागवावं लागतं. बाकीचं निम्म्याहून जास्त काम इंदूरच्या सियागंज आणि लोहामंडी बाजारांतल्या मालात होतं. यादी:

- 12 मिमी एचडीपीई (टणक प्लास्टिक) शीट, साधारण 2 फूट बाय 4 फूट
- 12 मिमी बीडब्ल्यूपी (पाण्यात टिकणारं) प्लायवूड, आयएस 710 शिक्क्याचं
- बाहेरून 50 मिमी भरणारा पीव्हीसी पाइप, 3 मीटर (शेतीच्या पाइपांचं माप बाहेरच्या व्यासाचं असतं, घरगुती नळकामाच्या पाइपांचं वेगळं, दुकानात टेप लावून बघा)
- एम6 आणि एम8 बोल्ट, रुंद वॉशर, नायलॉक नट
- पॉलियुरेथेन सीलंट, एपॉक्सी, मास्किंग टेप, 6 मिमी ईव्हीए फोम, बंजी दोरी

गोड्या पाण्यासाठी 304 ग्रेडचं स्टेनलेस पुरतं. 316 साठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. पण दुकानदार ‘एसएस’ म्हणून जे हातात ठेवतो ते बऱ्याचदा 202 असतं. चुंबक चिकटत नाही म्हणजे 304, असं समजू नका, कारण 202 लाही तो सहसा चिकटत नाही. टेस्टिंग लिक्विडचा थेंब टाकून घ्या. जो दुकानदार त्याला नाही म्हणेल त्याच्याकडून बोल्ट घेऊ नका.

इशारा: ड्रिलला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि पेट्रोलची टाकी बोटीतून उतरवा. टाकी फ्लोअरखाली पक्की बसवलेली असेल तर तिच्या कडा कुठे येतात ते शोधून फ्लोअरवर मास्किंग टेपने आखा. त्या चौकोनात एकही स्क्रू जाता कामा नये.

2. मापं पाण्यावर घ्या, ट्रेलरवर नाही

ट्रेलरवर बोट ज्या कोनात उभी असते तो कोन पाण्यात कधीच नसतो. इंधन, बॅटरी, बर्फाची पेटी, नांगर आणि घरची माणसं घेऊन बोट पाण्यात उतरवा आणि मगच मोजा. चालकाने लाइफ जॅकेट घालूनच बसायचं. जॅकेटच्या जाडीमुळे पाठ आणि स्टिअरिंग यांच्यातलं अंतर 5 ते 7 सेंमीने बदलतं. जॅकेटशिवाय बसवलेली सीट नंतर नेहमीच ‘जवळ’ वाटते, मग माणूस जॅकेट काढून ठेवतो.

बोट चालवणारे दोघे असतील तर दोघांची मापं घ्या. एक 5 फूट 10 इंच आणि दुसरी 5 फूट 2 इंच असेल तर मधलं माप धरून भागत नाही, त्याने दोघांचीही गैरसोय होते. सीट उंच व्यक्तीच्या पायांच्या हिशेबाने मागे जाईल अशी आणि बुटक्या व्यक्तीच्या नजरेच्या हिशेबाने उंच ठेवा. मधला फरक स्लायडर आणि पायटेकू भरून काढतील.

3. नजरेची रेषा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इंदिरा सागरात पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे बुंधे पृष्ठभागाच्या आसपास येतात. शिवाय मासेमारांच्या जाळ्यांचे तरंगते डबे-बाटल्या असतात, त्या पाण्यापासून जेमतेम वीतभर वर. हे सगळं दिसायचं ते बोटीच्या नाकावरून.

एक हिशेब करून बघा. बसलेल्या चालकाचे डोळे पाण्यापासून 1.5 मीटर उंच आहेत आणि 3 मीटर पुढे नाकाची वरची कड 0.9 मीटरवर आहे. बोट सपाट असेल तर डोळ्यांपासून 7.5 मीटरच्या आतलं पाणी त्याला दिसत नाही. वेग घेताना नाक 5 अंश वर उचललं गेलं की तेच अंतर साधारण 13 ते 14 मीटर होतं. ताशी 15 किमी वेगाने हे अंतर तीन-सव्वातीन सेकंदांत संपतं. सीट 10 सेंमी उंच केली तर नाक उचललेलं असतानाचा आंधळा पट्टा 11 मीटरच्या आसपास येतो. म्हणजे फायदा होतो, पण सीट उंच करणं हा पहिला उपाय नव्हे.

पहिला उपाय वजनाचा. बर्फाची पेटी, बॅटरी, जादा इंधन आणि दोन मोठी माणसं, सगळं मागे असेल तर नाक उचललं जाणारच. पेटी कन्सोलच्या पुढे घ्या, एका माणसाला पुढच्या आतल्या सीटवर बसवा (नाकाच्या डेकवर पाय सोडून नव्हे), इंजिनाचा ट्रिम (कल) पूर्ण खाली ठेवून वेग घ्या. यानंतरही नाक आड येत असेल तर सीटची उंची वाढवा.

दुसरी गोष्ट विंडशील्डची वरची पट्टी. ती बरोबर डोळ्यांसमोर आली तर चालक दिवसभर मान वर-खाली करत राहतो. संध्याकाळी मानदुखीचं खापर सीटवर फुटतं, दोष मात्र पट्टीचा असतो. बसल्यावर डोळे पट्टीच्या किमान 8 सेंमी वर किंवा 8 सेंमी खाली हवेत. मधली जागा टाळा.

तपासणी: एक रिकामा पाण्याचा कॅन दोरी आणि वजन बांधून सोडा. 60 मीटरवरून सरळ त्याच्याकडे हळू या आणि तो नाकाआड गेला की इंजिन न्यूट्रलला टाका. तिथून त्याचं अंतर अंदाजा. मग बसून आणि उभं राहून, दोन्ही चालकांनी हेच करायचं. उभं राहिल्यावर सावलीच्या छताची नळी नजरेच्या आड येत असेल तर छत वर किंवा मागे न्यावं लागेल, तेही आत्ताच ठरवा.

4. सीट

फ्लोअरला भोक पाडण्याआधी नकली सीट करा. प्लायचा तुकडा, खाली विटा किंवा लाकडी ठोकळे, पाठीला उशी. बोट किनाऱ्याला बांधलेली असताना त्यावर अर्धा तास बसा. पाच मिनिटांत सगळ्याच सीट आरामदायी वाटतात.

मापं साधारण अशी येतात. पाय टेकतात तिथून सीटच्या वरच्या पृष्ठापर्यंत 42 ते 46 सेंमी. सीटची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत तीन-चार बोटांची फट. मांडीच्या वर आणि स्टिअरिंगच्या खालच्या कडेत 5 ते 7 सेंमी. नजरेसाठी सीट उंच केली असेल तर पाय अधांतरी लोंबतात. लाटेवर बोट आपटली की तो सगळा धक्का मणक्यात जातो, कारण पायांनी भार घ्यायला खाली काही नसतं. अशा वेळी पायटेकू हवाच: 25 ते 30 अंश कललेला, वर खरखरीत पट्टी असलेला, आणि बुटक्या चालकाचा पाय पूर्ण टेकेल इतका जवळ.

आता फोम. सोफ्याचा मऊ फोम इथे चालत नाही. तो पहिल्या लाटेतच दबून प्लायला टेकतो आणि मग फोम नसल्यासारखंच. खाली 50 मिमी जाडीचा 40 डेन्सिटीचा घट्ट फोम आणि वर 25 मिमी मऊ, असा दुहेरी थर सांगा. तळाच्या प्लायला 8 ते 10 मिमीची सहा-आठ भोकं पाडा, नाहीतर शिवणीतून गेलेलं पाणी फोममध्येच राहतं आणि सीटला कुबट वास येतो. स्टेपल पिना स्टेनलेसच्याच. साध्या पिना एका पावसाळ्यात गंजतात आणि कव्हर निसटतं. शिवणीला पॉलिएस्टरचा दोरा, सुती नको.

गाडीच्या सीट कव्हरवाल्याकडून काम करून घेतलंत तर रेक्झिनवर अडून राहा. गाडीचं रेक्झिन काचेआडच्या उन्हासाठी असतं. उघड्यावर ते कडक होऊन शिवणीजवळ चिरतं. उन्हासाठी बनवलेलं आउटडोअर व्हिनाइल घ्या आणि रंग फिका निवडा. काळी सीट शोरूममध्ये ऐटदार दिसते. मे महिन्याच्या दुपारी तिच्यावर हाफपँट घालून बसून दाखवावं.

धक्के झेलणारा स्प्रिंगचा खांब घ्यावा का? 16 फुटी बोटीत बहुतेकांना गरज नसते. त्याने सीटची किमान उंची वाढते आणि वजनाप्रमाणे तो प्रत्येक चालकासाठी बदलून लावावा लागतो, जे कोणी करत नाही. तोच पैसा चांगल्या फोमवर, पायटेकूवर आणि उभं राहायच्या जागी 10 ते 12 मिमीच्या ईव्हीए मॅटवर घाला. वारा सुटला की वेग कमी करून गुडघे किंचित वाकवून उभं राहणं, हे कुठल्याही स्प्रिंगपेक्षा बरं. मॅट पूर्ण चिकटवलेली हवी. उचललेल्या कडेत पाय अडकतो.

खांबाचा तळ बसवताना फ्लोअरखाली 12 मिमी प्लाय किंवा 6 मिमी ॲल्युमिनियमची पट्टी देऊन एम8 चे आरपार बोल्ट लावा. फ्लोअरखाली हात जात नसेल तर आधी तपासणीचं झाकण बसवा. नुसत्या स्क्रूवर उभी केलेली सीट कधीतरी माणसासकट उखडते.

5. स्टिअरिंग, थ्रॉटल, किल स्विच

पाठ सीटला टेकलेली ठेवून थ्रॉटल पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे न्या. खांदा सीटपासून सुटत असेल तर कंट्रोल बॉक्स दूर आहे. स्टिअरिंग धरल्यावर कोपर 90 ते 120 अंशांत वाकलेलं असावं. हात पूर्ण ताणलेला असेल तर लाटेचा प्रत्येक धक्का स्टिअरिंगमध्ये उतरतो आणि बोट नागमोडी जाते.

इशारा: स्टिअरिंग किंवा बॉक्स सरकवला की मागच्या केबलचं वळण बदलतं. वळणाची त्रिज्या 20 सेंमीपेक्षा कमी झाली तर केबल जड जाते आणि लवकर झिजते. सरकवल्यावर दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा. एका बाजूला जड लागलं तर केबलचा मार्ग सैल करा, जोर लावू नका.

किल स्विचची दोरी चालकाच्या जॅकेटला अडकवून स्टिअरिंग पूर्ण वळवा, उभे राहा, बसा. ती कशातही अडकता कामा नये. ही दोरी कुठून कुठे फिरते ते नीट बघून ठेवा, रॉडची जागा ठरवताना हाच भाग निषिद्ध धरायचा आहे.

तपासणी: किनाऱ्याला बांधलेल्या बोटीत, न्यूट्रलमध्ये दोरी ओढा. इंजिन ताबडतोब बंद पडलं पाहिजे.

6. रॉड मोजा आणि तीन जागा ठरवा

रॉडच्या तीन वेगळ्या अवस्था असतात: रस्त्यावर, बोट धावताना आणि गळ टाकलेला असताना. एकाच होल्डरकडून तिन्ही कामं करून घ्यायला गेल्यामुळेच रॉड मोडतात. काठातला तिरका होल्डर फक्त गळ टाकल्यावरचा. धावत्या बोटीत त्यात उभा ठेवलेला रॉड चाबकासारखा हलतो, चालकाच्या नजरेआड येतो आणि पहिल्या मोठ्या लाटेला बाहेर उडतो.

प्रत्येक रॉडची चार मापं लिहा: पूर्ण लांबी, मुठीचा व्यास, दोरा ओवायच्या पहिल्या मोठ्या कडीचा बाहेरचा व्यास, आणि रॉडच्या मध्यापासून रील किती बाहेर येतं ते. स्पिनिंग रॉडची पहिली कडी 30 ते 40 मिमी असू शकते. म्हणून टोकासाठी बारीक पाइप लावला की तो तिथेच अडतो.

7. आडवा रॅक

धावत्या बोटीत रॉडची जागा काठाखाली, आडवी, डाव्या बाजूला. उजवीकडे चालकाचा हात, थ्रॉटल आणि केबल आहेत. कितीही मोह झाला तरी तिकडे रॅक लावू नका. डावीकडची मोकळी लांबी मोजा. 7 फुटी रॉडला 213 सेंमी लागतात आणि टोकापुढे चार बोटं मोकळी हवीत. 8 फुटी एकसंध रॉड बहुतेक 16 फुटी बोटींत बसत नाही. त्यासाठी दोन तुकड्यांचा रॉड घेणं हाच शहाणपणाचा मार्ग.

एचडीपीईच्या शीटमधून दोन पट्ट्या कापा. मागच्या पट्टीला मुठीसाठी 50 मिमी पाइपचे 15 सेंमी लांब तुकडे, पुढच्या पट्टीला 35 मिमी रुंद यू आकाराच्या खाचा, आतून ईव्हीए चिकटवलेल्या. ईव्हीएसाठी स्प्रे ग्लू चालतो, पण एचडीपीईला कुठलाच गोंद नीट धरत नाही. म्हणून फोम खाचेच्या कडेवरून मागे वळवून लहान स्क्रूने दाबा. रॉड एकावर एक 10 सेंमी अंतराने आणि रील पुढे-मागे, म्हणजे मुठी एकमेकांत गुंतत नाहीत. दोन आधारांमधलं अंतर 1.2 मीटरपेक्षा जास्त असेल तर मध्ये तिसरा आधार द्या.

रॅक आतल्या बाजूला 15 सेंमीपेक्षा जास्त येता कामा नये, नाहीतर तिथे बसणाऱ्याचा गुडघा रोज रीलला लागेल. बंजी रॉडच्या मुठीवर ताणा, वरच्या बारीक कार्बनच्या भागावर नाही. तिथे दाबाची बारीक चीर पडते आणि रॉड काही दिवसांनी मासा ओढताना मोडतो. दोष मग रॉडच्या कंपनीला दिला जातो.

इशारा: हुक किंवा ल्युअर (नकली आमिष) लावलेला रॉड रॅकमध्ये जाणार नाही, हा घरातला नियम करा. हुक काढून डब्यात.

8. काठातले होल्डर

आता ड्रिल. दोन होल्डर पुरे, फार तर चार. जागा मागच्या अर्ध्या भागात: चालकाच्या कोपरापासून किमान 45 सेंमी मागे आणि एकमेकांपासून 60 ते 70 सेंमी. होल्डरमध्ये रील लावलेला रॉड धरून चालकाला स्टिअरिंग, थ्रॉटल, किल दोरी सगळं फिरवायला सांगा. हे काम दोघांचं आहे.

काठाखाली हात घालून आणि आरसा-टॉर्च लावून बघा: तारा, केबल, इंधनाची नळी, आतला आधार. खाली किमान 25 सेंमी खोली मोकळी हवी. मग:

अ) जागेवर मास्किंग टेप लावून होल्डरसोबत आलेला साचा आखा. 30 अंशांच्या होल्डरचं भोक गोल नसतं, लंबगोल असतं. साचा न वापरता गोल भोक पाडलं की होल्डर एका कडेवर तरंगतो आणि तिथून पाणी शिरतं.

ब) होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) होल्डरच्या कोनात तिरका धरून आधी उलटा फिरवा आणि वरचा जेलकोट (फायबरचा गुळगुळीत बाहेरचा थर) कापा, मग सुलटा. सरळ सुलटा घातला की जेलकोटचे टवके उडतात.

क) फायबरच्या मध्ये लाकडी किंवा फोमचा गाभा दिसला तर थांबा. बोल्टची भोकं 5 ते 6 मिमी मोठी करा, एपॉक्सीत फ्यूम्ड सिलिका (घट्टपणा आणणारी पूड) घालून घट्ट लापशी भरा, सुकल्यावर पुन्हा योग्य मापाचं भोक पाडा. उन्हाळ्यात एपॉक्सी भराभर गरम होऊन घट्ट होतं, एका वेळी 100 ग्रॅमपेक्षा जास्त मिसळू नका आणि सकाळी काम करा.

ड) कडेला पॉलियुरेथेन सीलंट, खालून पट्टी, एम6 बोल्ट. आधी अलगद आवळा, सीलंट दुसऱ्या दिवशी बसल्यावर पूर्ण. एका दमात आवळलं तर सगळं सीलंट बाहेर येतं. स्टेनलेसच्या आट्यांना थोडं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावा, कोरडे नट मध्येच जाम होतात.

इ) होल्डरचा तळ उघडा असेल तर पावसाचं पाणी थेट बोटीच्या तळात साचतं. टोपी लावा आणि तिला बाहेर जाणारी नळी जोडा.

मोठा कतला किंवा महासीर लागला की ड्रॅग (रीलमधून दोरा सुटू देणारा ब्रेक) घट्ट असेल तर रॉड होल्डरसकट ओढला जातो. रॉड होल्डरमध्ये असेपर्यंत ड्रॅग सैल आणि रीलला सुरक्षा दोरी.

9. चाचणी, आणि भेरूघाट

घरी उभ्या बोटीवर पाइपने 10 मिनिटं पाणी मारा आणि काठाखाली कोरड्या टिश्यूने चाचपा. मग पाण्यावर अर्धा तास, हळू आणि नंतर वेगात. परतल्यावर प्रत्येक नट तपासा.

रस्ता ही वेगळीच परीक्षा. इंदूर-बडवाह वाटेवरच्या भेरूघाटाची वळणं आणि पुढचे खड्डे यांत रॅकवर जे हादरे बसतात ते जलाशयावर बसत नाहीत. त्यामुळे ट्रेलर ओढताना रॉड रॅकमध्येही नकोत. ते कापडी पिशवीत किंवा पाइपमध्ये घालून गाडीत ठेवा. सीटची उशी काढून घ्या, सावलीचं छत मिटवून पट्ट्याने बांधा.

इशारा: कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. बोट उतरवायच्या जागी डोक्यावर विजेच्या तारा आहेत का ते रॉड जोडण्याआधी बघा. आकाशात गडगडाट सुरू झाला की रॉड आडवे ठेवून किनारा गाठा.

मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. ड्रिल, एपॉक्सी, शिवणकाम याच दोन महिन्यांत उरकावं. फक्त एपॉक्सी आणि सीलंट लावायचा दिवस उघडिपीचा निवडा, आणि भोक पाडून ठेवलेला काठ रात्रभर पावसात उघडा ठेवू नका, गाभ्यात शिरलेलं पाणी आठवडा-आठवडा वाळत नाही.